अजिंठ्याला जायचं, पण आमच्या बाजूने

मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे गोतावळा जमणार आहे. पुण्याहून दादा-वहिनी, नाशिकहून आत्या, आणि न्यू जर्सीहून मामेभाऊ, त्याची बायको आणि दोन मुलं. अजिंठ्याची दरी बघायची हे मुलांनी तिकडूनच ठरवून टाकलंय. दादाने लगेच, त्याच्या स्वभावाला धरून, एक तक्ता बनवला आणि सगळ्यांना ई-मेल केला. पहिला दिवस वेरूळ-दौलताबाद, दुसरा दिवस अजिंठा, आणि दोन्ही दिवसांच्या शेवटी एकच ओळ : 'जालना – जेवण, मुक्काम.'

जेवणाबद्दल माझी काही तक्रार नाही, ते होईलच. पण जालना म्हणजे नुसती गादी-उशी आणि पिठलं-भाकरी, हे काही पटेना. फोनवर तसं म्हटलं तर दादा म्हणाला, "अगं, पण तुमच्याकडे बघण्यासारखं आहे काय?" हे वाक्य मी लग्न होऊन इथे आल्यापासून ऐकतेय. तेव्हा या पोस्टला त्या तक्त्याचं उत्तर समजा. नेहमीप्रमाणे लांबलंय. ज्यांना नुसत्या वेळा हव्या आहेत त्यांनी सरळ फोन करावा :-)

आधी थोरल्या भाच्याचं बघू. त्याने मागच्या वर्षी ग्रँड कॅन्यन पाहिलंय. ती दरी ४४६ किलोमीटर लांब आणि सव्वा-दीड किलोमीटरहून अधिक खोल. आमच्या वाघूर नदीचा कडा साधारण ७५ मीटर उंच, आणि लेणी कोरलेला भाग जेमतेम अर्धा किलोमीटर. टेप लावून मोजायला गेलं तर आपण हरलोच, त्यामुळे बाळा, टेप घरीच ठेव. तिथले थर मुख्यतः गाळाच्या खडकांचे, आपले लाव्हारसाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर एकावर एक लाव्हा पसरत गेला, त्याचा काळा पत्थर झाला, आणि त्यातून वाट काढताना वाघूरने एका ठिकाणी घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलं. त्या वळणाच्या डोक्याशी सातकुंडाचा धबधबा. पावसाळा सरता सरता तो अजून वाहत असतो आणि कडे हिरवे असतात. म्हणून सप्टेंबर. एप्रिल-मेमध्ये याच दरीत उभं राहिलं की पाठीमागून तव्याची धग यावी तसा दगड तापलेला असतो.

मुलांच्या डोक्यात 'नॅशनल पार्क' आहे, तर तेही सांगून टाकते. अजिंठ्याची दरी राष्ट्रीय उद्यान नाही. १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, ती लेण्यांमुळे. जंगल म्हणून याच डोंगररांगेत पश्चिमेला कन्नड-चाळीसगावकडे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ सालचं, २६० चौरस किलोमीटरचं. तिथे मार्च २०२१ मध्ये कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत चालत आलेला! कित्येक दशकांनी या डोंगरात वाघ दिसला म्हणून पेपरात मोठ्या बातम्या होत्या. हा वाघ लक्षात ठेवा, पुढे आणखी एक येणार आहे.

आता मुद्द्याचं. दादाच्या तक्त्यात जालन्याहून संभाजीनगर, तिथून सिल्लोड, तिथून फर्दापूर असा रस्ता आहे. फर्दापूर घाटाच्या खाली. तिथे गाडी लावायची, बसने लेण्यांपर्यंत जायचं, पायऱ्या चढायच्या, लेणी बघायची, उतरायचं, परत. सगळे असंच करतात. माझं म्हणणं, जालन्याहून राजूर, भोकरदन, आसई, अन्वा, गोळेगाव असं जायचं आणि दरी आधी वरून बघायची. एक-दोन तास जास्त जातील. पण या रस्त्याने गेलं तर दरीपर्यंत माणसं कशी पोचली हे कळतं. खालून गेलं की ती आकाशातून पडल्यासारखी वाटते.

नकाशा काढून बघा. अजिंठ्याचा डोंगर पूर्व-पश्चिम आडवा पडलाय. त्याच्या आमच्या अंगाला पडलेला पाऊस केळना, जुई, गिरजा अशा नद्यांतून पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. पलीकडच्या अंगाला पडलेला पाऊस वाघुरीतून तापीत आणि अरबी समुद्रात. आमची बाजू पठाराची, हळूहळू चढत जाणारी. डोंगर आहे हे कळतसुद्धा नाही. आणि मग एकदम जमीन संपते. खाली खानदेश. दक्षिणेकडून येणाऱ्याला तो डोंगर नसून कडाच वाटतो, आणि कडा उतरायचा तर घाट हवा. गेली दोन हजार वर्षं दक्षिणेतून उत्तरेत जाणाऱ्या व्यापाऱ्यांना, भिक्षूंना आणि फौजांना या रांगेतली अशी एखादी वाट शोधावीच लागली, आणि अजिंठ्याचा घाट त्यातलाच एक.

राजूरला गणपतीचं दर्शन घेऊ, आत्याची इच्छा आहे. फक्त त्या दिवशी चतुर्थी नको. अंगारकी असेल तर राजूरच्या रस्त्यावर गाडी घालायचा विचारसुद्धा करू नये.

भोकरदन मात्र मला पंधरा मिनिटांत उरकायचं नाहीये. आज तालुक्याचं गाव, बाजारपेठ, बसस्टँड, कापसाच्या गाड्या. याचं जुनं नाव भोगवर्धन. इथे १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा त्यावरचा अहवाल आहे. सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं गाव निघालं : मणी, शंखाच्या बांगड्या, आणि हस्तिदंती काम. त्यात एक खंडित हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. आता ऐका. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये गाडलेल्या पॉम्पेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती बाई सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिची ठेवण, दागिने, बाजूच्या दासी, हे सगळं भोकरदनच्या आणि तेरच्या मूर्तींशी जवळचं नातं सांगतं. ती पॉम्पेईची बाई भोकरदनलाच घडली असेल असंही काही अभ्यासक मानतात. मी पुराव्याशिवाय तिच्यावर हक्क सांगणार नाही, पण दादाच्या 'काय आहे' या प्रश्नाला हे निम्मं उत्तर नक्कीच आहे.

दुसरं निम्मं जास्त महत्त्वाचं. सांची आणि भारहूत इथल्या स्तूपांना ज्यांनी दानं दिली त्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. इथून निघून, घाट उतरून, तापी-नर्मदा ओलांडून गेलेली माणसं. अजिंठ्यातली सगळ्यात जुनी चैत्यगृहं, ९ आणि १० नंबरची, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली. म्हणजे भोगवर्धनातून माणसं सांचीला दान पाठवत होती त्याच सुमाराला, एका दिवसाच्या चालीवर, या दरीत छिन्नी चालू होती. अजिंठ्यात भोगवर्धनच्या नावाचा लेख मी पाहिलेला नाही, म्हणून 'आमच्या गावाने लेणी कोरली' असं म्हणणार नाही. पण भिक्षूंना जेवण लागतं, कारागिरांना धान्य लागतं, लोखंडाला लोहार लागतो. दरीतल्या उघड्या दगडावर यातलं काही पिकत नाही. ते वरच्या पठारावरच्या गावांतूनच आलं असणार.

भोकरदनहून पूर्वेला जाफराबादच्या अंगाला आसई. हे थोडं उलट दिशेला आहे, दादा कुरकुरणार. कुरकुरू दे.

आसईची लढाई शाळेत एका ओळीत संपली होती : २३ सप्टेंबर १८०३, इंग्रज जिंकले, शिंदे-भोसले हरले. पुढे नेपोलियनला वॉटर्लूवर हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली होता, वय ३४. म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं की तुमच्या हातून झालेली सर्वांत चांगली लढाई कुठली, तर त्याने वॉटर्लू न म्हणता आसई म्हटलं, अशी आठवण नोंदलेली आहे. त्या गावात आज उभं राहिलं तर दोन नद्या, मधे शेतं, आणि ज्वारी-कापूस-सोयाबीन. पाटी बघून थांबावं असं काही नाही, आणि ते एका परीने बरंच आहे, कारण बघायची आहे ती जमीनच.

झालं असं. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले निजामाच्या मुलखात आले होते. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन आपल्या बदनापूरला भेटले (हो, तेच बदनापूर, जिथे आपली पॅसेंजर थांबते) आणि ठरलं की दोघांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला एकदम हल्ला करायचा. पण २३ ला वेलस्लीला कळलं की मराठ्यांची छावणी अगदी समोर, केळनेपलीकडे आहे. थांबायचं की एकट्याने जायचं? त्याच्याकडे मैसूर आणि पेशव्यांचे स्वार धरूनही माणूस कमीच. समोर कितीतरी पटीने मोठी फौज, त्यात पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखालचे कवायती कंपू आणि शंभराच्या आसपास तोफा. आणि मधे नदी. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही.

वेलस्लीने लांबून बघितलं, केळनेच्या एका काठाला पिंपळगाव आणि बरोबर समोर वरुड. दोन गावं एकमेकांसमोर इतकी जवळ वसली आहेत म्हणजे मधे उतार असलाच पाहिजे, असं त्याने ताडलं. माणूस पाठवून खात्री केली आणि फौज पलीकडे नेली. इंग्रजी पुस्तकांत ही त्याची अलौकिक बुद्धिमत्ता म्हणून येते. मला मात्र दर वेळी वाटतं, यात बुद्धी कुणाची? लेकीबाळी पलीकडच्या गावात दिलेल्या, बाजार इकडे, शेत तिकडे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पायांनी शोधलेला तो उतार. त्याने तो वाचला एवढंच. वाटाड्यांनी तो का सांगितला नाही हे कुणी लिहिलेलं नाही. माझा आपला अंदाज आहे की त्यांना तो चांगलाच माहीत होता.

पुढची लढाई भयंकर झाली. वेलस्ली बाजूने घुसेल तेव्हा मराठी पायदळ बेसावध असेल अशी त्याची अटकळ होती, पण पोलमनने सगळी रांग शिस्तीत फिरवली. डावी बाजू आसई गावाला टेकलेली. इंग्रजांची एक तुकडी चुकून गावाच्या फार जवळ गेली आणि जवळजवळ कापली गेली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकल्यावर तोफा फिरवून त्यांच्या पाठीवर डागल्या. दोन्ही राजे मात्र शेवटपर्यंत रणांगणावर थांबले नाहीत. संध्याकाळपर्यंत ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. इंग्रजांच्या बाजूचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले. मराठ्यांचे १२०० मैदानात पडले असा इंग्रजांचाच अंदाज, जखमींची तर मोजदादच नाही. गोलंदाजांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. वेलस्लीच्या घोड्याचं नाव माहीत आहे, डायोमेड.

उरलेलं मराठी सैन्य अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात गेलं. आणि इंग्रजांचे जखमी? वेलस्लीला ते दौलताबादच्या किल्ल्यात ठेवायचे होते, पण तिथल्या निजामाच्या किल्लेदाराने आत घेतलं नाही. मग इस्पितळ झालं ते अजिंठा गावाच्या कोटात. आसईपासून सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर. शेकडो जखमी डोल्यांतून आणि गाड्यांतून या रस्त्याने नेले. मुलांना हे गाडीतच सांगणार आहे, म्हणजे रस्ता कंटाळवाणा वाटणार नाही.

या लढाईचा आमच्याशी आणखी एक संबंध आहे. ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावला तह झाला. त्यात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा, गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडला, आणि त्या कलमात जालन्याचा किल्ला आणि परगणा नावानिशी आहे. जालना निजामाकडे गेलं ते तेव्हापासून. थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. पलीकडचा खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, आणि पावसाचं पाणी वाटणारा तो डोंगर दोन राज्यांची सीमा झाला. आजेसासूबाई 'तिकडे इंग्रजीत' आणि 'इकडे मोगलाईत' असं म्हणायच्या तो कडा तो हाच.

आसईहून परत भोकरदन, मग अन्वा. इथे बाराव्या शतकाच्या सुमाराचं दगडी देऊळ आहे, खांबांवर आणि बाहेरच्या भिंतींवर सुरेख काम. तिथे डबे उघडू. (डब्यात धपाटे आणि दही. वहिनी, सँडविच नको!) तिथून गोळेगावला हमरस्ता लागला की अजिंठा गाव जवळच.

अजिंठा गाव लोक खिडकीतून बघून पुढे जातात. लेणी गावापासून अजून काही अंतरावर, आणि गावात हॉटेलंही फारशी नाहीत. पण गावाला तटबंदी आहे, वेशी आहेत, सराई आहे. आसईचे जखमी याच कोटात पडून होते. आणि चार दशकांनी, १८४४ नंतर, रॉबर्ट गिल नावाचा मद्रासच्या फौजेतला अधिकारी इथे राहायला आला. त्याचं काम, लेण्यांतल्या चित्रांच्या मोठ्या नकला तैलरंगात करून लंडनला पाठवायच्या. रोज दरीत उतरायचं, अंधारात आरशांनी ऊन आत पाडून चित्र उतरवायचं. वीस वर्षांच्या आसपास हेच चाललं. डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्याच्या बहुतेक नकला जळून गेल्या. त्यानंतर ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. जपानी चित्रकार काम्पो अराईच्या नकला १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात गेल्या. शाप वगैरे बोलायला लोकांना आवडतं. मला यात एवढंच दिसतं की दरीतला ओलसर अंधार लंडनच्या शाही दालनांपेक्षा जास्त भरवशाचा निघाला.

गिलबरोबर इथली एक मुलगी राहत होती, पारो. तिची कबर अजिंठा गावात आहे, त्यावर १८५६ साल आहे. ना. धों. महानोरांचं 'अजिंठा' हे दीर्घकाव्य तिच्यावरचं. ते पळसखेड्याचे, म्हणजे याच दरीच्या शेजारचे. २०२३ मध्ये गेले. पुस्तकातली पारो वेगळी आणि कबरीखालची वेगळी असणार. तिने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. तरी कबर बघायची, हे नक्की.

आता दरी. अजिंठा गावाकडून व्ह्यू पॉइंटला रस्ता जातो. आत्यालाही गाडीतून जाता येईल. माळरानावरून जाताना शेवटच्या क्षणापर्यंत काही दिसत नाही. आणि मग पायाखाली एकदम वाघूर, समोर नालेसारखा कडा आणि त्यात ओळीने काळी दारं. 

इथेच २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या घोडदळातला इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता. (हा तो दुसरा वाघ.) समोरच्या कड्यावर, झाडीतून, त्याला १० नंबरच्या लेण्याची मोठी कमान दिसली. तो आत गेला आणि एका खांबावर, जुन्या चित्रावरच, नाव आणि तारीख खरडली. तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढीग होता, त्यावर तो उभा होता. आता ढीग काढल्यामुळे त्याचं नाव आपल्या डोक्याच्याही वर राहिलंय. गाइड लोक बॅटरी मारून दाखवतात आणि सांगतात, 'यांनी अजिंठा शोधला.'

मला हे वाक्य ऐकवत नाही. रागाने नाही, हिशोबाने. दरीच्या वरच्या अंगाला एक गाव आहे, त्याचं नाव लेणापूर. लेणी हरवलेली असती तर गावाला हे नाव कुणी दिलं असतं? खाली फर्दापूरची सराई. वर अजिंठ्याचा कोट. घाटातून शतकानुशतकं फौजा आणि तांडे चढत-उतरत होते. स्मिथच्या आधी सोळा वर्षं त्याच्याच कंपनीचे शेकडो जखमी इथून पाच-सहा किलोमीटरवर पडून होते. आणि सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाने महाराष्ट्राच्या वर्णनात लिहून ठेवलंय की देशाच्या पूर्व सीमेवर, डोंगराच्या अंधाऱ्या दरीत एक विहार आहे, अचल नावाच्या अर्हताने बांधवलेला, आणि दाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती आहेत. तो स्वतः आला होता की ऐकून लिहिलं, यावर वाद आहे. पण २६ नंबरच्या लेण्यातल्या शिलालेखात अचलाचं नाव आहे, आणि नदीकडून १६ नंबरला चढताना पायऱ्यांशी ते दोन हत्ती अजून उभे आहेत.

स्मिथने एक गोष्ट केली, आणि ती लहान नाही : त्याच्यामुळे लेण्यांबद्दल इंग्रजीत बोललं जाऊ लागलं. १८२४ मध्ये अलेक्झांडर आला, पुढे फर्ग्युसन, मग गिल. त्यातून पुस्तकं, निजामाचं पुरातत्त्व खातं, गुलाम याझदानी, १९२० च्या सुमाराला चित्रं पक्की करायला आणलेले इटालियन तज्ज्ञ, हे सगळं झालं. याला 'नोंद' म्हणावं. 'शोध' म्हणायचं तर लेणापूरच्या माणसाला गावाबाहेर काढावं लागतं. वाटाड्यांना उतार माहीत नव्हता असं म्हणण्यासारखंच ते.

व्ह्यू पॉइंटवरून खाली उतरायला पायवाट आणि पायऱ्या आहेत, नदीवरच्या पुलावरून लेण्यांत जाता येतं. पाऊस झाला असेल तर घसरडं असतं. मामेभाऊ, दादा आणि मुलं तिथून उतरतील, मीही. आत्या आणि वहिनी गाडीने घाट उतरून फर्दापूरला जातील आणि तिथून बसने लेण्यांच्या पायथ्याशी. आत्या, तिथे डोली मिळते, चार माणसं खुर्चीतून नेतात. लाजू नकोस, दर आधी ठरवून घे आणि चहाला वर दे.

लेण्यांत सगळं बघायचा हट्ट धरायचा नाही. तीस लेणी एका दुपारी बघितली की संध्याकाळी एकही आठवत नाही. आधी १०, तिथे स्मिथचं नाव न शोधता खांबांवरची जुनी चित्रं बघायची. मग १६ : वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात ते कोरवलं आणि शिलालेखात आपल्या घराण्यासकट सगळं लिहून ठेवलं. मग १७, १ आणि शेवटी २६ मधला पहुडलेला बुद्ध. फ्लॅश चालत नाही, हे मुलांना आत्ताच सांगा. आणि सोमवारी लेणी बंद असतात. दादाच्या तक्त्यात अजिंठ्याचा दिवस सोमवारच आहे! तो तेवढा बदलावाच लागेल, आणि बदलायचाच आहे तर मंगळवारी २३ च्या आसपास येतोय का ते बघा. केळनेला तेव्हा पाणी किती असतं हे पिंपळगाव-वरुडच्या उतारावर उभं राहून बघता येईल.

परतीचं असं : बाकीचे घाट चढून जालन्याला. आत्याची नाशिकची गाडी जळगावहून ठरली होती. मी तिला म्हटलं, थोडं पुढे भुसावळला जा, सगळ्या गाड्या तिथेही थांबतात. रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याला भुसावळला पुरलंय. मामेभाऊ तिला सोडायला जाईल, मुलंही जातो म्हणतायत. स्टेशनवर दोन तास आधी पोचलात तर कबर बघून होईल.